मागून जेवणारा माणूस

महादेवराव पाटील गेले तेव्हा त्यांचा थोरला मुलगा शेषराव चाळिशीला टेकला होता, आणि पिंपळगाव राजात त्याच्याएवढा जाड माणूस दुसरा नव्हता. त्याचं कुणाला वाईट वाटत नसे. उलट त्याची आई गोजरबाई चारचौघींत सांगायची, "खात्यापित्या घरचा हाये माहा शेषा." लग्नाच्या पंगतीत त्याला मुद्दाम मधोमध बसवत. वाढपी परात घेऊन त्याच्यापुढेच घुटमळत आणि लोक आपलं जेवण थांबवून मोजत. शेषरावालाही ते आवडायचं. शेतात जायचं तर छपराची दमणी होती, निवृत्ती नावाचा सालदार ती हाकायचा. शेषराव आधी चढला की बैल एकदम मागे रेलत आणि मग सावरून चालू लागत.

मार्गशीर्षातल्या सकाळी बापाची तिरडी उचलली. थोरला म्हणून विस्तवाचं मडकं शेषरावाच्या हाती आलं. तिरडीच्या पुढे त्याने चालायचं, मागे वळून पाहायचं नाही, आणि विसाव्याची जागा येईपर्यंत मडकं खाली टेकवायचं नाही, अशी रीत. मसणवट नदीच्या काठी, गावापासून जरा लांबच. इतक्या वर्षांत शेषराव एवढं कधी पायी चालला नव्हता. वेशीपर्यंत तो नीट गेला. वेशीबाहेरच्या चढावर त्याला धाप लागली. छाती भात्यासारखी वरखाली होऊ लागली, मांड्या थरथरू लागल्या. तो थांबला तसे मागचे खांदेकरीही थांबले. मागे पाहता येत नव्हतं, पण पावलं एकमेकांवर अडखळल्याचा आवाज त्याने ऐकला. कुणीतरी हळूच म्हणालं, "का झालं? काऊन थांबले?"

तो पुन्हा दहा-वीस पावलं चालला आणि रस्त्याच्या मधोमध मटकन खाली बसला. मडकं कलंडायचंच, पण धाकटा भाऊ भगवानराव धावत आला आणि त्याने ते वरच्या वर झेललं. भगवानराव मलकापूरला शाळामास्तर होता, अंगाने काटकुळा.

"दादा, तुमी बसा. मी नेतो," तो म्हणाला.

शेवटी निवृत्तीने दमणी आणली. बापाची तिरडी पुढे आणि थोरला मुलगा मागून दमणीत, असं ते मसणवटात पोहोचले. अग्नी देताना दोघांनी त्याला काखेत हात घालून धरून ठेवलं. त्या वेळी कुणी हसलं नाही. तेच त्याला जास्त लागलं.

हसायचं राहिलं होतं ते तेरवीला झालं. पाहुण्यांची पंगत बसली होती. देऊळगाव राजाचा चुलतभाऊ इंद्रभान, जिथे जाईल तिथे चार माणसं हसवणारा, पलीकडच्या रांगेत बसला होता. तो शेजाऱ्याच्या कानाशी वाकून बोलला, पण त्याचा आवाज मूळचाच मोठा. "अजून दोन पावलं चालला असता ना, त काकाले खाली ठेवून यालेच खांद्यावर घ्या लागलं असतं. अन याले घ्याले आठ जन पुरले नसते." रांगच्या रांग पत्रावळीवर वाकून हसली. शेषरावाच्या हातात तेव्हा लाडू होता. तो ठेवून उठावं, असं त्याच्या मनात आलं. लोक बघत होते. कान तापले होते, डोळ्यांत पाणी आलं होतं. आणि एवढं असूनही त्याचा हात तोंडाकडे गेला आणि त्याने तो लाडू खाल्ला. पुढे कित्येक महिने त्याला इंद्रभानचे शब्द आठवले नाहीत इतका तो लाडू आठवत राहिला.

कापूस घेऊन खामगावला गेला तेव्हा तो सरकारी दवाखान्यात शिरला. नागपूरकडून बदलून आलेला डॉक्टर होता. त्याने पोट दाबून पाहिलं, नाडी पाहिली, आणि विचारलं, "भूक केव्हा केव्हा लागते?"

शेषराव बराच वेळ विचार करत राहिला. मग खाली पाहत म्हणाला, "भूक नाही लागत, सायेब. लागाच्या आंधीच खातो मी."

डॉक्टर हसला नाही. म्हणाला, "याला बाटली नाही पाटील. निम्मं जेवा, आणि पायी चाला. आजपासून वर्षभर. दुसरं काही नाही."

शेषराव औषधाची बाटली घ्यायला म्हणून घरून पिशवी घेऊन आला होता. ती रिकामी पिशवी घडी करून त्याने बंडीच्या खिशात घातली.

दुसऱ्या दिवशी त्याने निवृत्तीला सांगितलं, "दमनी जुपू नको. मी पायी येतो." गल्लीच्या तोंडाशीच एकाने विचारलं, "काऊन पाटील, बैल इकले का?" पुढे दुसऱ्याने विचारलं, "दमनी मोडली वाट्टे?" तिसऱ्याने काही विचारलं नाही, नुसता ओसरीवरून उठून बघत राहिला. मग शेषराव झुंजूमुंजू व्हायच्या आतच निघू लागला, चोरासारखा, गल्लीबोळातून. शेत कोसभर. वाटेत बाभळीखाली बसायचा, मग लिंबाखाली, मग पुन्हा बांधावर. मांड्या एकमेकींना घासून सोलवटल्या. दोन पाय फाकून, खरूज झालेल्या बैलासारखा तो घरी यायचा. धोतर धुताना त्याची बायको अन्नपूर्णाबाई हिला रक्ताचे डाग दिसले. संध्याकाळी तिने करंजीच्या तेलाची वाटी त्याच्या उशाशी ठेवली.

पण जेवणाचं तिला सोसलं नाही. तो दोन भाकरींवर हात आखडायचा, तूप नको म्हणायचा. तिचं नावच अन्नपूर्णा. सासरी आल्यापासून या माणसाचं ताट भरणं हेच तिचं मुख्य काम होतं.

"माह्या हातचं गोड नाही लागत का आता?" एके दिवशी तिने विचारलं.

"तसं नाही वं."

"मंग कसं? हिरीवर तानुबाई का म्हने मालूम हाये? म्हने, सासरा गेला, चाब्या हातात आल्या, आता नवऱ्याले उपाशी मारून राह्यली. मले खाली पाहा लागते."

शेषराव जाड होता तेव्हा त्याच्यापायी बापाची तिरडी अडली. आता तो खाईना तर बायकोला विहिरीवर मान खाली घालावी लागत होती. त्या दिवशी तिच्या समाधानासाठी तो चार भाकरी जेवला, आणि जेवताना आपण फक्त तिच्यासाठीच जेवत नाही आहोत हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

असं पुढे-मागे होत उन्हाळा आला. अखजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा, सण आला. बाप गेल्यावरची पहिली अखजी, म्हणून त्यांच्या नावाची घागर भरायची, आंब्याचा रस, पुरणपोळी, कुरडया, सगळा स्वयंपाक. घरातल्या तिघी, गोजरबाई, अन्नपूर्णाबाई आणि पंधरा वर्षांची मुलगी कोकिळा, पहाटेपासून चुलीपुढे होत्या. घागर पुजली, पाहुणेरावळे जेवले, निवृत्ती आणि गडीमाणसं जेवली. शेषराव दोनच पोळ्यांवर उठला. भगवानराव सणाला आला होता, तो म्हणालाही, "दादा, मानलं तुमाले." शेषरावाला बरं वाटलं. भगवानराव मलकापूरच्या गाडीसाठी निघाला, बायका भाऊबंदांच्या घरी नैवेद्याची ताटं पोचवायला गेल्या, आणि शेषराव ओसरीवर आडवा झाला.

झोप लागली नाही. घर रिकामं होतं. स्वयंपाकघरातून पुरणाचा आणि वेलदोड्याचा वास येत होता. तो उठला. फक्त पाणी पितो, असं स्वतःला सांगत तो आत गेला. पाणी प्यायला. दुरडीवर फडकं झाकलेलं होतं, बाजूला पितळेच्या गंजात रस. एकच, तो मनात म्हणाला. उभ्या उभ्याच त्याने पोळी गुंडाळली, रसात बुडवली आणि खाल्ली. मग दुसरी. पुढच्या किती, ते त्याला कळलं नाही. घाईघाईने, दाराकडे बघत बघत, चावल्याशिवाय गिळत गेला. हात थांबला तेव्हा दुरडीचा तळ दिसत होता आणि गंज कलता करून तो तोंडाला लावत होता. त्याने सगळं होतं तसं झाकलं, ओसरीवर येऊन भिंतीकडे तोंड करून निजला आणि डोळे मिटून घेतले.

थोड्या वेळाने बायका आल्या. बांगड्यांचा आवाज आत गेला. दुरडीवरचं फडकं उचललं गेलं असावं, कारण सगळा आवाज एकदम थांबला.

"का झालं वं?" गोजरबाईने विचारलं.

"काही नाही, आत्याबाई," अन्नपूर्णाबाईचा आवाज आला. "कुत्रं शिरलं वाट्टे घरात."

"अन गंज?"

"गंज बी."

दुरडी खाली ठेवल्याचा आवाज आला. मग कोकिळा म्हणाली, "माय, मंग आपुन का खाचं? सकाळपासून पोटात काही नाही."

"भाकर थापतो ना. उद्या करू पोळ्या."

"अखजीले भाकर?"

"गप्प बस. बाबा निजले तुहे."

विझलेली चूल पुन्हा पेटवल्याचा वास आला. काटवटीत पीठ मळल्याचा, मग भाकरी थापल्याचा आवाज येऊ लागला. शेषराव डोळे मिटून पडून होता. मिशीत रस वाळून केस ताठ झाले होते. दार उघडंच राहिलं होतं, कुणीही येताजाता आत पाहिलं असतं तर दिसलं असतं. कुत्रं म्हणाली ती. तिला माहीत होतं.

तो उठला आणि आत गेला. तिघी चुलीजवळ जमिनीवर बसल्या होत्या. पुढे एकाच ताटात भाकरीचे तुकडे आणि तेल-तिखट. त्याला पाहताच अन्नपूर्णाबाईने घास तसाच हातात ठेवून पदर ओढला आणि अर्धवट उठली. एवढी वर्षं एका घरात काढून त्याने बायकोला जेवताना कधी पाहिलं नव्हतं. आईलाही नाही.

"मीच खाल्लं," तो म्हणाला.

"मले मालूम हाये," अन्नपूर्णाबाई म्हणाली.

गोजरबाई लगबगीने म्हणाली, "खाल्लं त खाल्लं बाप्पा. तुह्यच घर हाये, तुह्यच अन्न हाये. त्याचं काय एवढं?"

आईच्या या बोलण्याने त्याला आणखीच मेल्यासारखं झालं. ती रागावली असती तर बरं होतं.

"रोज असंच राह्यते का?" त्याने विचारलं. "भाकर अन तिखट?"

कोकिळाच बोलली, आणि तिने तक्रार म्हणून नाही, विचारलं म्हणून सांगितलं. "नाही बाबा, रोज नाही. तुमी दोन डाव वाढून घेतलं त वरन नाही उरत. भाजी बी कधी उरते, कधी नाही उरत. आता तुमी कमी जेवता, तवापासून उरते."

तो तिथेच उंबऱ्याशी उभा राहिला. पंगतीत लोकांनी मोजलेले लाडू, आपण हौसेने मागून घेतलेलं तूप, दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा वाढलेलं वरण, सगळं त्याच्या डोळ्यांपुढून गेलं, आणि प्रत्येक वेळी त्याच्यामागे या दाराआड बसलेल्या बायका होत्या. इतकी वर्षं त्याला वाटत होतं की तो फक्त स्वतःच्याच अंगाचं नुकसान करत होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी ताट मांडलं तेव्हा तो बसला नाही. "पह्यले तुमी जेवा," तो म्हणाला. "मी मांगून जेवीन."

गोजरबाईने कपाळावर हात मारला. "घरधनी मांगून जेवते का कुठी? लोकं शेन घालतीन तोंडात."

"घालू दे."

"अन ही कशी जेवीन तुह्या आंधी? पाप नाही का लागनार तिले?"

त्या दिवशी कुणीच धड जेवलं नाही. दुसऱ्या दिवशीही अन्नपूर्णाबाई घास तोंडात घेऊन बसून राहिली, गिळेना. तिसऱ्या दिवशी ती रडली. "तुमाले उपाशी बसवून मले घास नाही उतरत. याच्यापरिस तुमी सारं खात होते ते बरं होतं." शेवटी म्हाताऱ्या गोजरबाईनेच तोड काढली. तिघी आत जेवतील, त्याने ओसरीवर बसावं, मध्ये दार लोटलेलं असावं, म्हणजे कुणी कुणाला पाहायला नको. तसं सुरू झालं. आतली ताटं उचलली की अन्नपूर्णाबाई दार उघडायची आणि उरलेलं त्याला वाढायची. पहिल्या पहिल्यांदा ती मुद्दाम जास्त रांधायची. त्याने ते ओळखलं आणि जास्तीची भाकर निवृत्तीच्या फडक्यात बांधून द्यायला लावली.

भूक काय असते ते त्याला चाळिसाव्या वर्षी कळलं. दार लोटून बसलेला असताना पोटात ओढ लागायची, तोंडाला पाणी सुटायचं, आणि आतल्या तिघी लवकर आटपतील तर बरं, असं मनात यायचं. त्या विचाराचीही त्याला लाज वाटायची. कधी पाय घसरायचा. पोळ्याला तो एका सोयऱ्याकडे गेला आणि घरी असला असता तर खाल्लं नसतं एवढं खाऊन आला. दुसऱ्या दिवशी पहाटे शेताच्या वाटेवर त्याला ओकारी झाली. तिथेच बांधावर बसून तो एकटाच रडला, आणि मग उठून शेताकडे चालू लागला. पुढे पुढे तो दिवसाढवळ्याच चालत जायचा. लोकांनी विचारायचं सोडून दिलं होतं.

अंग उतरलं. कमरेचा करदोडा सैल होऊन घसरू लागला, त्याला गाठी मारून मारून टोक लोंबू लागलं. पण उतरलेलं अंग काही देखणं दिसत नव्हतं. दंडाची, गळ्याची कातडी रिकाम्या पोत्यासारखी लोंबत होती, गाल बसले होते. शाबास कुणी म्हणालं नाही. गावात कुजबुज सुरू झाली की पाटलाला खय, म्हणजे क्षय, झाला. गोजरबाईने कुठून तरी ताईत आणून त्याच्या दंडाला बांधला.

ती कुजबुज धामणगाव बढ्यापर्यंत गेली. तिथल्या उकंडरावांच्या मुलासाठी कोकिळाचं बोलणं चाललं होतं आणि मध्यस्थ होता इंद्रभान. माघात उकंडराव आणि त्यांची बायको झुंबरबाई मुलगी पाहायला आले. झुंबरबाई आत बायकांत बसली. उकंडराव ओसरीवर तक्क्याला टेकले. देह मोठा होता, पाय दुमडताना त्यांना दोन्ही हातांनी गुडघा धरावा लागत होता.

पोहे झाले. मुलगी येऊन पाया पडून गेली. मग इंद्रभानने खाकरून सुरुवात केली, "शेषराव, एक इच्यारतो, राग मानू नको. ह्याइच्या कानावर आलं, का तुही तब्येत बरी नसते."

"बरी हाये," शेषराव म्हणाला.

उकंडराव शांतपणे म्हणाले, "तुमाले पाच-सहा सालाआंधी खामगावच्या बजारात पाह्यलं होतं मी. आता वळखू नाही आले. पोरीच्या घरी खय असला त आमाले इचार करा लागन. साफ सांगा."

शेषरावाला घाम फुटला. खरं सांगायचं म्हणजे कुठून सांगायचं? वेशीबाहेरचा तो चढ तर साऱ्या मुलखाला माहीत होता. त्यानंतरचं कुणाला माहीत नव्हतं. तो नुसता चटईचे धागे उकलत राहिला. तो गप्प बसला तसा उकंडरावांचा संशय वाढत चालल्याचं त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

तेव्हा लोटलेल्या दाराआडून अन्नपूर्णाबाईचा आवाज आला. बाहेरच्या पुरुषांपुढे ती कधी बोलली नव्हती.

"खय-बीय काही नाही त्याइले. ते कमी जेवतात. आमी तिघी आंधी जेवतो, अन मांगून जे उरलं ते ते जेवतात. अखजीपासून असंच हाये."

मग इंद्रभान मांडीवर थाप मारून हसला. "बायकाइच्या मांगून? अबे शेष्या! पाटलाचा पोरगा तू, अन चुलीपाशी उष्टं निवडतं?"

शेषरावाची मान खाली गेली. भुईने पोटात घ्यावं असं त्याला वाटलं. तेरवीला लोक त्याच्या देहाला हसले होते; आता तो जे करत होता त्याला इंद्रभान हसत होता, आणि दोन्ही वेळा लाज सारखीच जळत होती. फक्त या खेपेला जे केलं ते मागे घ्यावंसं त्याला वाटलं नाही. "हाव," तो एवढंच म्हणाला. "खरं हाये ते."

आतून झुंबरबाईने नवऱ्याला हाक दिली. आवाजात कुठे घाई नव्हती. "आता इच्यारू नका काही. आमाले पोरगी पसंद हाये."

उकंडराव चमकले. त्यांनी दाराकडे पाहिलं, मग शेषरावाकडे. "पसंद हाये," तेही म्हणाले. इंद्रभान हसायचा थांबला.

कुंकू-नारळ झालं, दुपारचं जेवण झालं. उन्हं कलल्यावर पाहुणे निघाले. उकंडरावांना छकड्यात चढवायला शेषरावाने खांदा दिला. ते धापा टाकत बसले, धोतराच्या टोकाने मान पुसली आणि बायकोचं लक्ष दुसरीकडे असल्याचं पाहून खाली वाकले.

"व्याही," ते हळूच म्हणाले, "मले बी जिना चढवत नाही आताशा. तुमी सुरू कसं केलं?"

शेषराव गोंधळला. चालण्याचं सांगावं, भाकरीचं सांगावं, असं त्याच्या मनात आलं. "एक डाव तुमचं जेवन झाल्यावर आत जाऊन पाहा," तो म्हणाला, "घरच्या काय जेवतात ते."

उकंडरावांचा चेहरा उतरला. त्यांनी गाडीवानाला नुसती मान हलवली. छकडं वेशीकडे वळलं. पाहुण्याला असं बोलायला नको होतं, सोयरीक आत्ताच तर जुळली, असं वाटून शेषराव बराच वेळ रस्त्यावर उभा राहिला. मग त्याला भूक लागल्याचं कळलं. पाहुण्यांच्या पंगतीत तो बसला नव्हता.

तो घरात आला. दार लोटलेलं होतं. आत ताटं वाजत होती, कोकिळा काहीतरी सांगत होती आणि अन्नपूर्णाबाई तोंडात घास असताना हसत होती. त्याने आवाज न करता घोंगडी ओढली आणि ओसरीवर बसून राहिला.